हस्त पाहून तुडूम

27 सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो. त्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातला भारी धान पोटरीत असतो, म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटातच असते. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, चार बोटे पाणी लागतेच. ते नसेल तर लोंबी निसवते, पण दाणा भरत नाही आणि मळणीला नुसते फोल हाती येते. तलावात पाणी असते, पण सगळ्या बांध्यांना पुरेल इतके नसते. पाऊस आणखी एकदा येईल किंवा येणारही नाही. मग तलावातून पाणी सोडणारा तुडूम आज उघडायचा की आठ दिवस थांबायचे? आज उघडला आणि परवा पाऊस आला, तर सोडलेले पाणी नाल्याला गेले. थांबलो आणि हस्त कोरडा गेला, तर बांध्यांना भेगा पडतात, आणि भेगाळलेली बांधी भिजवायला आधीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागते.

हा प्रश्न आमच्या भागाने निदान तीनशे वर्षे, दर हस्ताला सोडवला आहे. कधी नीट सोडवला, कधी माणसे उपाशी मारून.

मी तलाठी होते. माझी बहुतेक नोकरी अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी या दोन तालुक्यांत गेली. लोक ‘तलाठीबाई’ म्हणत. सातबारा, पीकपाहणी, पैसेवारी ही रोजची कामे. त्यांच्या फटीतून जुने बस्ते चाळण्याची सवय लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्या बस्त्यांत मला एक गोष्ट दिसली. मालगुजारी, म्हणजे जुन्या गावमालकांच्या काळातल्या, तलावांवर लिहिणारे बहुतेक जण पाळीचे, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाचे, कौतुक करतात: किती लांब, किती उंच, चुन्याचा कणही न वापरता कशी टिकली. पाळ मोठी आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठी होती ती तलावाभोवतीची निर्णयाची व्यवस्था. पाऊस किती पडेल हे कुणालाच माहीत नाही, हे गृहीत धरून ती बांधली होती. पाळ अजून उभी आहे. व्यवस्था 1951 साली गेली आणि गेल्याचे फारसे कुणाच्या लक्षातही आले नाही.

आमचा पाऊस बाहेरच्या माणसाला भरपूर वाटतो. वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास, मराठवाड्याच्या जवळपास दुप्पट. पण तो कधी पडतो हे महत्त्वाचे. जुलै-ऑगस्टमध्ये वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी सगळ्या फुगतात आणि सप्टेंबरात आकाश एकदम हात झटकते. धानाला मात्र शेवटचे पाणी हवे असते ते ऑक्टोबरात. दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, ही व्याख्या आमच्याकडे अर्धीच खरी. आमचा दुष्काळ बहुतेक वेळा शेवटच्या एका पाण्याचा असतो, आणि तलाव बांधले गेले ते याच एका पाण्यासाठी.

ते बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले. चांद्याच्या गोंड राजाने काशीच्या यात्रेत कोहळ्यांचे कसब पाहिले आणि त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात आणून वसवले, अशी परंपरेतली गोष्ट आहे. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, हा गोंड राजवटीचा शिरस्ता सांगितला जातो. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने त्याचा घेर 17 मैल दिला आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांनी कोलूला बांधकामात हात दिला, अशी समजूत. कोलू पुढे कोलासुर देव झाला आणि टेकडीवर त्याचे ठाणे आहे. पाटबंधारे खात्यातल्या कुठल्याही अभियंत्याला अजून तरी हा मान मिळालेला नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या कोहळ्यांच्या तलावांचा आकडा 43,381 असा दिला आहे. त्यात शेतातल्या लहान बोड्याही धरल्या असणार, नाहीतर इतका मोठा आकडा होत नाही. आज गोंदिया जिल्ह्यात मामा तलाव म्हणून नोंदलेले तलाव चौदाशेच्या आसपास आहेत. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. बाहेरचे लोक मामा-भाच्यातला मामा समजतात आणि आम्ही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

आता तुडूम. पाळीच्या आतल्या बाजूला पायऱ्यांसारखे दगडी बांधकाम असते. प्रत्येक टप्प्यावर एक भोक आणि त्यात लाकडी बूच. तलाव भरलेला असताना वरचे भोक उघडायचे आणि पाणी उतरत जाईल तसे खालचे. पाणी पाळीच्या पोटातून पाटात जाते. जास्तीचे पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, नाल्यात पडते. खालचे बूच पाण्याखाली असल्यामुळे ते काढायला बुडी मारणारा माणूस लागे, आणि तो बहुधा मासेमार ढिवर असे. ही भोके नुसती पाणी सोडण्यासाठी नव्हती, तलावाचे मापही तेच होते. किती भोकांवर पाणी आहे हे पाळीवर उभ्या राहिलेल्या कुणालाही दिसे. मोजमापाची वही एका कारकुनाच्या कपाटात आणि पाणी तलावात, असा प्रकार नव्हता. ज्यांच्यात वाद होणार त्या सगळ्यांना एकच माप उघड्या डोळ्यांनी दिसणे, ही मला त्या बांधकामातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

पण तुडूमापर्यंत येण्याआधी बरेच निर्णय होऊन गेलेले असत. माझे आजोबा वर्षभराचे नियोजन एकदम कधीच करत नसत. बियाणे मात्र दोन-तीन प्रकारचे घरात हवेच. वरच्या उताराच्या, हलक्या जमिनीच्या बांध्यांना हलका धान, साडेतीन-चार महिन्यांत निघणारा. मधल्यांना मध्यम. खालच्या, पाणी धरणाऱ्या कन्हार-मोरांड जमिनीला भारी धान, जो दिवाळीपाशी कापायला येतो. लुचई, हिरानखी, चिन्नोर ही नावे मी घरातच ऐकली. भारी धान जास्त पिके, मग सगळीकडे तोच का लावायचा नाही? कारण हस्त कोरडा गेला तर हलका धान तोवर कापून पुंजण्यात आलेला असतो. चांगल्या साली यात थोडे नुकसान होते आणि ते दरवर्षी समजून उमजून सोसले जाई. एक सगळ्यात चांगले बियाणे निवडा, असे सांगणारा कृषी सहायक नंतर आला. त्याच्या हिशोबात दरवर्षीचा पाऊस सरासरीइतकाच पडत होता.

मृगात नांगर निघे, पण पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची रोपे, एकदम टाकले जात नसत. पहिल्या पावसावर थोडे पऱ्हे टाकायचे, आठ-दहा दिवसांनी आर्द्रात पुन्हा थोडे. पहिले वाळले तर दुसरे आहे, आणि दोन्ही जगले तर उरलेले शेजाऱ्याला. त्याच्याकडून पुढच्या साली परत यायचेच. मग रोवणीची वेळ. तलावात अजून पुरेसे पाणी नाही आणि पाऊस लांबला आहे, अशा साली रोवणीचा हट्ट सोडून काही बांध्यांत आवत्या टाकत, म्हणजे धान थेट फेकून पेरत. उत्पन्न कमी येते, पण चिखलणीचे पाणी आणि रोवणीची मजुरी वाचते. कुठल्या बांधीत आवत्या आणि कुठल्या बांधीत रोवणी, हे पुनर्वसू संपेपर्यंत ठरत नसे, आणि तोवर न ठरवणे हेच शहाणपणाचे मानले जाई. माझ्या आजीच्या शब्दांत, ‘बांधी पाहजो, मंग ठरवजो.’

रोवणी करणाऱ्या बायांचे गणित वेगळे. त्यांच्या टोळ्या गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, रोवणी घेत, अजूनही घेतात. कुणाच्या शेताचा गुत्ता आधी घ्यायचा हे टोळीची म्होरकी ठरवते. ज्याच्याकडे तलावाचे पाणी पक्के त्याची रोवणी ठरल्या दिवशी होणार, म्हणजे मजुरी पक्की. ज्याची पावसावर, तो दर जास्त कबूल करतो, पण त्याच्या बांधावर बसून आभाळाकडे पाहावे लागण्याची शक्यता. म्होरकी दोन पक्के आणि एक कच्चा धरते. हे कुठल्याही बस्त्यात लिहिलेले नाही, पण जुलै महिन्यात गावाचे अर्धे वेळापत्रक तिच्याच हातात असते.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. बेडूक किंवा म्हैस आली की पाऊस चांगला, असे वाचून दाखवले जाई आणि सगळे माना डोलावत. पण पंचांग ऐकून कुणी घरातले हलके बियाणे विकून टाकल्याचे मी ऐकले नाही. भाकितावर गप्पा होत. बियाण्याची कोठी मात्र भाकीत खोटे ठरेल हे धरूनच भरलेली असे.

यानंतर हस्त. तुडूमाचा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा नव्हता. तो मालगुजाराच्या वाड्यात होई. ब्रिटिशांनी 1860 च्या दशकात बंदोबस्त केला तेव्हा भोसल्यांच्या काळचे पाटील आणि ठेकेदार जमिनीचे मालक म्हणून नोंदले गेले. हेच मालगुजार. गावाच्या वहिवाटी लिहून काढल्या गेल्या. त्या दस्तऐवजाचे नाव वाजिब-उल-अर्ज. पाळीच्या डागडुजीला कुणी किती राबायचे, तलावातली मासळी आणि शिंगाडे कुणाचे, पाटावर पाणी कुठल्या क्रमाने, तलाव आटल्यावर बुडीत जमिनीत गाळपेर कुणी करायची, असल्या नोंदी त्यात असतात. हे कागद मी पहिल्यांदा वाचले तेव्हा जाणवले की त्यातल्या पुष्कळ गोष्टी चांगल्या सालासाठी नाहीतच. चांगल्या साली पाण्याचा क्रम लागतोच कशाला? तलाव सलंगावरून वाहत असतो. भांडण अर्ध्या तलावाच्या साली होते, आणि क्रम त्या सालासाठी आधीच लिहून ठेवलेला.

अर्ध्या तलावाच्या साली वाड्यात काय होई, ते मी जुन्या माणसांकडून ऐकले आहे. पाळीवर जाऊन भोके मोजायची. पाटाखालच्या बांध्या मोजायच्या. इतक्या पाण्यात इतक्याच बांध्या, असे ठरवून टाकायचे आणि उरलेल्या सोडून द्यायच्या. सगळ्यांना थोडे-थोडे देणे हा पर्याय नसेच. निसवताना अर्धे पाणी मिळालेला धान आणि पाणी न मिळालेला धान, दोघांचे फोल सारखेच. सोडून दिलेल्या बांध्यांत ओल असेपर्यंत उभ्या धानात लाखोरी फेकायची, म्हणजे निदान ती डाळ हाती येईल. हे सगळे हस्ताच्या पहिल्या चार दिवसांत व्हायचे. त्याआधी ठरवले तर घाई झाली, आणि नंतर ठरवले तर ठरवण्यासारखे काही राहिलेले नसायचे.

इथे थोडे थांबून त्या वाड्याकडे नीट पाहिले पाहिजे. हल्ली जुन्या जलव्यवस्थांवर लिहिताना गहिवरून येण्याची पद्धत आहे. वाड्यात ओसरीवर कोण बसे? मालगुजार, त्याचे भाऊबंद, गावातले मोठे कोहळी, पोवार, कुणबी शेतकरी. पाळीवर माती वाहणारे गोंड, महार, ढिवर अंगणात उभे राहत, किंवा तेही नाही. सोडून द्यायच्या बांध्या कुणाच्या असत? पाटाच्या शेवटी ज्यांच्या असत त्यांच्या. पाटाच्या तोंडाशी मालगुजाराची घरची जमीन असे, त्यामुळे क्रम जिकडून मोजला तिकडून त्याचीच बांधी आधी. डागडुजीचे काम बेगारीने. निर्णय वेळेवर होत, हे खरे. निर्णयाची किंमत ठरलेली माणसेच पुन्हापुन्हा मोजत, हेही तितकेच खरे. वेळेवर निर्णय घेणे मालगुजाराला सोपे जाई, याचे एक कारण हेच होते.

आणि मोठ्या दुष्काळापुढे ही व्यवस्थाही कोसळली. 1896 साली पाऊस ऑगस्टअखेरीला एकाएकी थांबला. तलाव बऱ्यापैकी भरलेले होते, म्हणून ज्यांना पाणी होते त्यांचे थोडेफार वाचले. तलाव नसलेली गावे गेली. तीनच वर्षांनी, 1899 मध्ये, पाऊस सुरुवातीपासूनच फसला. त्या साली तुडूमाचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण भोके कोरडी. तलाव एका पाण्याची उणीव भरून काढू शकत होता. सगळा पावसाळा भरून काढणे त्याच्या आवाक्यात नव्हते. 1891 ते 1901 या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा टक्क्यांहून अधिक घटली. आजचा गोंदिया जिल्हा त्यातच होता. तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी.

दुष्काळानंतर सरकारला जाग आली. 1901 ते 1903 च्या सिंचन आयोगाने मध्य प्रांतातल्या धानपट्ट्यात तलाव बांधायची शिफारस केली आणि सरकारी तलाव उभे राहू लागले. तिरोड्याकडचा बोदलकसा 1917 चा, चोरखमारा 1923 चा. पण सरकारी तलावाबरोबर एक नवीनच पेच आला. अभियंत्याला तलावाचा खर्च भरून काढायचा होता, म्हणून त्याला दरवर्षी ठरलेली पाणीपट्टी हवी होती. शेतकरी म्हणत, पाऊस चांगला झाला तर पाणी घेणार नाही आणि पैसेही देणार नाही. पाऊस फसला की सगळे एकदम, एकाच आठवड्यात पाणी मागत. अभियंत्याला हा कद्रूपणा वाटला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो सरकारला सांगत होता की चांगल्या सालाचा धोका तुम्ही घ्या, वाईट सालाचा मी घेतोच आहे. अखेर सरकारने अनेक वर्षांचे करार काढले. पाऊस पडो न पडो, दर एकरी ठरलेली पट्टी द्यायची, आणि गावातल्या मोठ्या हिश्शाने करार केला की उरलेल्यांवरही तो बंधनकारक. याला आज आपण विमा म्हणू. तलावाचे पाणी विकण्याऐवजी तलावाची हमी विकायची, हे लक्षात यायला राज्यकर्त्यांना बरीच वर्षे लागली. मालगुजारी तलावाखालचा शेतकरी हीच हमी अंगमेहनतीत मोजत आला होता. पाऊस कसाही असो, उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला जायचे म्हणजे जायचे.

मग 31 मार्च 1951. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. मालकी हक्क निर्मूलनाचा 1950 चा कायदा लागू झाला आणि मालगुजारी संपली. संपायलाच हवी होती. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि बेगारीच्या गोष्टी ऐकलेल्या कुणाच्याही मनात नसावी. तलावांची वाटणी मात्र अशी झाली: ज्या तलावावर मालकाखेरीज दुसऱ्या कुणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो मालकाकडे राहिला. जिथे गावाचा हक्क होता, तो सरकारजमा. म्हणजे खासगी बोड्या वाचल्या आणि सामाईक तलावांना नवा मालक मिळाला. हा मालक नागपूरला, नंतर मुंबईला बसे, आणि हस्ताच्या दिवसांत पाळीवर येत नसे. सरकारने पाणीपट्टी लावली. लोक म्हणाले, तलाव आमच्या आज्यांनी खांद्यावर माती वाहून बांधला, पट्टी कसली? सरकार म्हणाले, पट्टी नाही तर दुरुस्ती नाही. पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि हे लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दरम्यान तुडूमाच्या जागी लोखंडी दट्ट्याची दारे बसली. ती गंजली आणि गाळाने तलावाचे पोट वर आले.

कायद्याच्या पुस्तकात याची एक विलक्षण खूण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज अजून जिवंत आहे. सिंचनाच्या आणि मासेमारीच्या वहिवाटी नोंदवा, असे ते सांगते, पण जी जमीन किंवा जे पाणी सरकारच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे वा ताब्यातले नाही, तेवढ्यापुरतेच. मामा तलाव सरकारचे झाले आणि त्यांच्या पाण्याच्या वहिवाटी या कलमाच्या बाहेर गेल्या. वाईट सालाचा क्रम लिहून ठेवणारा कागद रद्द कुणी केला नाही. त्याखालचे पाणीच काढून घेतले.

तोट्याची वाटणी न्यायाने करणारे लोक जगात नव्हते असे नाही. श्रीलंकेच्या कोरड्या भागातल्या गावतळ्यांवर बेत्मा नावाची रीत आहे. पाणी कमी असेल त्या हंगामात तळ्याजवळची तेवढीच जमीन पिकवायची आणि ती सगळ्या हिस्सेदारांत त्या हंगामापुरती वाटून घ्यायची. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरेवर फड, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या जमिनीचे भाग, आहेत. एकेक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात, म्हणून एखादा फड पडीक ठेवायचे ठरले तर प्रत्येकाचे थोडे जाते, एकाचे सगळे जात नाही. आमच्या शेजारी छत्तीसगडात लाखाबाटा होता. ठरावीक वर्षांनी गावाची जमीन नव्याने वाटून घेत, म्हणजे उताराची बांधी कायम एकाच्याच नशिबी नसे. बंदोबस्ताच्या नोंदींनी ती रीत मोडली. एकदा नकाशावर नाव चढले की वाटणी थांबली. तलाठ्याच्या पेशाला ही गोष्ट फारशी भूषणावह नाही, पण आहे ती अशी. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात निर्णयाची वेळ बरोबर साधली जाई, वाटणी साधली जात नसे. 1951 नंतर वाटणी सुधारण्याची संधी होती. आपण वेळही गमावली.

आजचे चित्र मिश्र आहे. गाढवीवर 1970 मध्ये इटियाडोह धरण झाले. तिथे 15 ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती बसते आणि उन्हाळी धानाला किती पाणी द्यायचे ते ठरवते. म्हणजे साठा मोजल्याशिवाय ठरवायचे नाही, ही हस्ताची शिस्त मोठ्या धरणाला सरकारनेच लावली आहे. तिच्या तारखेला नक्षत्राचे नाव नाही, इतकेच. लहान मामा तलावांना अशी समिती नाही. तिथे ज्याचा मोटरपंप पाळीला टेकलेला त्याचा निर्णय. शिवाय तलावावर आता उघड दुसरा हक्कदार आहे. ढिवरांच्या मत्स्य संस्था तलाव ठेक्याने घेतात. शेतकऱ्याला मार्चमध्ये उन्हाळी धानाला तलाव उपसायचा असतो, ढिवराला मे महिन्यापर्यंत मासळी जगेल इतके पाणी हवे असते. दोघांचेही पोट त्याच पाण्यावर आहे. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या बाया-माणसांनी बेशरम हे तण उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे वाढवले. मला त्यात मासळीइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ज्या माणसांना वाड्याच्या अंगणात उभे केले जात होते, ती आता तलावाचे काय करायचे यावर बोलतात, आणि तलाव त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाला मधूनमधून निधी येतो. गाळ निघतो, पाळीवर दगड चढतो, फलक लागतो. तलाव खोल होतो, पण अर्ध्या तलावाच्या साली कुणाच्या बांध्या सोडायच्या आणि त्याला भरपाई कुणी द्यायची, हे कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था स्थापता येतात. कागदावर त्या पुष्कळ झाल्या. त्यांच्या नियमांत पाळीपाळीने पाणी, पट्टी, दंड हे सगळे असते. पण पाणी पुरणारच नाही तेव्हा काय, या जागी बहुधा ‘समिती योग्य तो निर्णय घेईल’ असे एक वाक्य असते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, भावकीतल्या लोकांनी घेरलेली समिती योग्य तो निर्णय घेत नाही. ती बैठक तहकूब करते.

म्हणून माझे आपल्या गावातल्या वाचणाऱ्या मुलांना सांगणे आहे. अभिलेख कक्षात अर्ज करा, नकलेची फी भरा आणि आपल्या गावाची वाजिब-उल-अर्ज मिळवा. ती ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यातला बेगारीचा भाग वाचताना लाजू नका, गाळूही नका. मग संस्थेच्या नियमांत वाईट सालाचे कलम लिहा: कितव्या भोकापर्यंत पाणी असेल तर किती बांध्या, कुठल्या सोडायच्या, सोडणाऱ्याला बाकीच्यांनी किती धान द्यायचा, आणि ढिवरांसाठी तळाला किती पाणी राखायचे. हे कलम तलाव सलंगावरून वाहत असेल त्या साली लिहा. त्या साली सगळे हसतमुख असतात आणि पुढच्या हस्ताला कुणाची बांधी कोरडी राहील, हे कुणालाच माहीत नसते.